एकुलता एक वारस

वातोलेई, ६ मार्च २०१८

सुबान,

वर 'चिरंजीव' लिहिलं नाही आणि आशीर्वादही लिहिले नाहीत. ज्याला बहीणच नाही त्याला ते पाठवायचे कुणी?

गेल्या शुक्रवारी गावप्रमुख दामियान घरी आला. मी अंगणात मका ठेचत बसले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "बारेक, खाडीकाठची जमीन ऑगस्टच्या आत मोकळी करायची आहे. सुबानने ती कंपनीला द्यायचं ठरवलंय. पर्यटकांसाठी गवती झोपड्या बांधणार आहेत."

मी म्हटलं, "झोपड्या तर आपल्या गावात ढीगभर आहेत. त्यातच राहा म्हणावं."

तो हसला नाही. पिशवीतून कागद काढला आणि मग त्याच्या लक्षात आलं की चष्मा घरी राहिला. त्याने कागद यूलियानाच्या हातात दिला. तिथेच तो चुकला. त्याला वाटलं पोरगी खालची तारीख तेवढी वाचेल. माझी पोरगी वरपासून वाचत गेली.

"मयत गेरोदा यांना एकच अपत्य, मुलगा सुबान. अन्य वारस नाही."

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग माझ्याकडे बघितलं. दामियान घाईघाईने म्हणाला, "अगं, कचेरीत असंच लिहायची पद्धत असते."

"असेल," मी म्हटलं. त्याला ताडी दिली, शेवग्याच्या पाल्याची आमटी वाढली, मका वाढला. तो पोटभर जेवला आणि जाताना म्हणाला, तू समजूतदार आहेस म्हणून बरं.

मला राग आलेला नाही. तुला वाटेल आला असेल, म्हणून मुद्दाम लिहिते.

पंधराव्या वर्षी तू शिकायला गेलास तेव्हा त्या जमिनीत दगड आणि काटेरी झुडपं होती. बकऱ्यासुद्धा तिकडे फिरकत नव्हत्या. आज तिथे काजूची चौसष्ट झाडं आहेत. पहिली दोन वर्षं त्यांना मी डोक्यावरून पाणी घातलं, ओढ्यापासून खाडीपर्यंत. तेव्हा यूलियानाचा बाप समुद्रापलीकडे साबाच्या पामतेलाच्या मळ्यात मजुरीला गेला होता. तिथेच तो मेला आणि मी लेकराला घेऊन अमाच्या, आपल्या बापाच्या, दारात परत आले. तुला हे सगळं ठाऊक आहे. म्हणजे तुझ्या बहिणीला ठाऊक होतं आणि तिने तुला कळवलं होतं. आता ती बहीण नाही, म्हणजे तुला हे कुणी कळवलं असेल बरं?

पत्र ट्रकवाल्या बाल्ताझारकडे देते. तो लेवोलेबाच्या टपालात टाकेल. उत्तर द्यायचं असेल तर यूलियानाच्या फोनवर दे. ती देवळाच्या टेकडीवर चढली की तिला रेंज मिळते.

बारेक
(गेरोदाच्या घरात राहणारी एक बाई)


वातोलेई, २४ एप्रिल २०१८

सुबान,

तुझा निरोप यूलियानाने वाचून दाखवला. "ताई, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या रिवाजात मुलीला जमीन नसते. मी रिवाजाबाहेर काही केलेलं नाही. कंपनी तुला स्वयंपाकघरात काम देईल, यूलियानाला पाहुण्यांची नोंद करायला बसवेल. मी बोलून ठेवलंय."

रिवाज मला शिकवू नकोस. मुलीला जमीन नाही, हे मी आईच्या दुधाबरोबर शिकले. पण मुलगी जन्मालाच आली नाही, असं कुठल्या रिवाजात लिहिलंय? तू "माझी एक बहीण आहे आणि तिला हक्क नाही" असं लिहिलं असतंस, तर मी त्या कागदाखाली सही करून दिली असती. खोटं वाटतं? मलाही वाटतं. पण भांडायला मला काही उरलं नसतं.

असो. तुझ्या कंपनीची माणसं येऊन गेली. रातिह नावाची एक बाई आणि एक मोजणीवाला. डांबर टेकडीपलीकडेच संपतं, हे तू त्यांना सांगितलेलं दिसत नाही. शेवटचे नऊ किलोमीटर दगडांवरून ट्रकमध्ये उभं राहून आले. बाई उतरली तेव्हा तिचा चेहरा पिवळा पडला होता. मी तिला शहाळं दिलं. चांगली बाई आहे. खाडी बघून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, "इतकं निळं पाणी! लोक विमानाने येतील बघायला."

मी म्हटलं, "विमान उतरेल कुठे, बाई? माझ्या मक्यात?"

ती हसली आणि मग विचारलं, "तुम्ही मालकांच्या कोण?"

"कुणी नाही."

"गावात तर म्हणतात तुम्ही त्यांची थोरली बहीण."

"गाव काय, वाटेल ते बोलतं. तुमच्याकडे कागद आहे ना, त्यात बघा. मालकाला बहीण नाही."

तिने खरंच फाइल उघडून बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. नाक काय करणार, सुबान? तुझं आणि माझं नाक एकच आहे, अमाचं. ते कागदावर खोडता येत नाही.

मग हद्दीचा प्रश्न आला. मोजणीवाला म्हणाला, "हद्द कुठून कुठवर ते दाखवा." मी म्हटलं, मी परकी बाई, मालकाला विचारा. तो टेकडीवर चढला आणि तुला फोन केला. तू सांगितलंस, मोठ्या खडकापासून चिंचेच्या झाडापर्यंत. चिंच अकरा वर्षांपूर्वीच्या वादळात पडली, सुबान. मीच तिची लाकडं फोडली. भर उन्हात ती दोघं अर्धा दिवस चिंच शोधत होती. मी ओट्यावर रंगवायच्या सुताला गाठी मारत बसले होते. दर थोड्या वेळाने मोजणीवाला येऊन विचारायचा, "चिंच?" आणि मी म्हणायचे, "शोधा, सापडेल."

संध्याकाळी त्यांना जेवायला घातलं. सुकी मासळी होती. बाई म्हणाली, हद्दीवर गावातल्या जुन्या माणसांच्या सह्या लागतील, त्याशिवाय कंपनी पुढे जाणार नाही. मी म्हटलं, जुनी माणसं आहेत की. आमा तोकान आहेत, ते आमच्या भूमीचे मानकरी. त्यांच्या शब्दावाचून इथे कुणी खुंटीसुद्धा ठोकत नाही.

बाईने नाव लिहून घेतलं.

बारेक


वातोलेई, १७ जून २०१८

सुबान,

होय. मीच केलं. तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर सांगितलं नसतं.

एक कोंबडा आणि विड्याचं सामान घेऊन मी आमा तोकानकडे गेले. म्हाताऱ्याला आता दिसेनासं झालंय, पण कान शाबूत आहेत. मी तो कागद त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवला. त्यांनी बराच वेळ सुपारी चघळली.

"तुला जमीन पाहिजे का, बारेक?"

"नाही."

"मग?"

"त्याने जे कागदावर लिहिलंय ते इथे येऊन, माती खाऊन, तोंडाने म्हणावं. मला बहीण नाही, एवढंच. म्हणाला तर जमीन त्याची. मी पोरीला घेऊन निघून जाईन."

ते पिंक टाकून म्हणाले, "तुझ्याकडून काही राहिलेलं नाही ना? माती दोन्हीकडचं ऐकते."

"नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं. गेरोदाच्या मुलाने यावं, जमिनीतली मूठभर माती शहाळ्याच्या पाण्यात कालवून घ्यावी आणि बोलावं. त्याआधी एकही सही होणार नाही. खोटं बोलणारा पुढच्या मक्याच्या काढणीपर्यंत टिकत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. आपल्याच आळीतला लिआन कसा गेला, ते तू माझ्या मांडीवर बसून बघितलंयस. तू सात वर्षांचा होतास आणि पुढचे आठ दिवस मला सोडून झोपत नव्हतास.

यूलियानाच्या फोनवर तुझे सहा निरोप आले. पहिल्यात तू हसलास, "एकविसाव्या शतकात माती खायची?" दुसऱ्यात दामियानला पुढे केलंस. तिसऱ्यात पोलिसांची भीती घातलीस. चौथ्यात 'ताई' आलं. पाचव्यात तू म्हणालास, आपण जमीन अर्धी अर्धी करू.

नको. अर्धी नको, पावही नको. तू ये.

दामियान दारात येऊन ओरडून गेला. "एका बाईच्या हट्टापायी अख्ख्या गावाचं वाटोळं! रस्ता झाला असता, पोरांना कामं लागली असती. पोरं साबाला जातात ती काय हौसेने जातात?" गावातल्या बायका ओढ्यावर माझ्याशी बोलत नाहीत. यूलियाना दोन महिन्यांपासून फोनवर ऐकून ऐकून इंग्रजी घोकतेय. काल म्हणाली, "इना, नोंदीच्या टेबलावर मी बसणार होते." मी तिला म्हटलं, ज्या टेबलाखाली तुझी आई पुरली आहे, त्यावर तू बसणार?

ती म्हणाली, "तू जिवंत आहेस, इना. मी आज दोन घागरी पाणी आणलं तुझ्यासाठी."

पोरगी तुझ्यावर गेलीय. उत्तर तयारच असतं.

सहाव्या निरोपात तू अमाच्या मरणाचं काढलंस. नऊ दिवसांनी का कळवलं म्हणून. तीन वर्षांनी विचारतोस? फेब्रुवारी होता. दरड कोसळली होती, ट्रक बंद होता. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. तो विषय वेगळा आहे, यात तो आणू नकोस.

तुझी शाळेची फी कुठून आली ते तरी विचार कधी. अमाच्या ताडीतून आली नाही. मी विणलेली वस्त्रं लारांतुकाच्या बाजारात जायची. लग्नात नेसायला म्हणून विणलेलं माझं स्वतःचं वस्त्र तुझ्या दुसऱ्या वर्षाच्या फीला गेलं. मी दुसऱ्याचं उसनं नेसून बोहल्यावर उभी राहिले.

१९ जुलैचा दिवस ठरलाय. बूट घालून येऊ नकोस, शपथेच्या दगडी ओट्यावर चढताना काढावे लागतात.

बारेक


वातोलेई, २२ जुलै २०१८

सुबान,

तू सुराबायाला तुझ्या घरी पोचला असशील. नसशील तर बोटीवर असशील आणि हे पत्र तुझ्या मागोमाग पोचेल.

तू म्हणालास की जे झालं ते तुला नीट आठवायचं नाही. मी आठवून देते.

तू ट्रकमधून उतरलास तेव्हा मी तुला ओळखलं नाही. आपली इना गेली तेव्हा आला होतास, त्याला एकोणीस वर्षं झाली. डोक्यावर अमासारखंच टक्कल पडलंय. चालही तशीच, डावा पाय जरा ओढत. बायका कुजबुजल्या, "गेरोदाच आला जणू." मला ते ऐकायचं नव्हतं.

सगळं गाव ओट्याभोवती जमलं होतं. रातिहबाई छत्री धरून एका कडेला उभी होती. आमा तोकाननी करवंटीत माती कालवली. आपल्या जमिनीतली माती, पांढरट, शिंपल्यांची कच असलेली. त्यांनी करवंटी तुझ्या हातात दिली.

"बोल. कागदावर जे लिहिलंस ते बोल."

तू करवंटी तोंडापर्यंत नेलीस. आणि खाली ठेवलीस.

"आधी तिला बोलू दे," तू म्हणालास. "अमा अकरा दिवस अंथरुणावर होते. तेवढ्यात तिने मला एक तरी निरोप धाडला का? तिने माती खाऊन सांगावं. मग मी माझं म्हणतो. अमांना माझ्या हातची मातीही मिळू दिली नाही तिने. मी कागदावर तिला मारलं असेल, तिने मला आधी मारलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमा तोकाननी न दिसणारे डोळे माझ्याकडे वळवले आणि म्हणाले, "त्याचा हक्क आहे, बारेक."

मी पुढे आले. करवंटी उचलली. "मी निरोप धाडला होता," मी म्हटलं आणि घोट घेतला. दातांखाली कच आली. मी गिळलं. तोंड पुसलं नाही.

मग करवंटी तुझ्याकडे दिली. म्हणायला तीनच शब्द होते. मला बहीण नाही. मी तुझ्यासमोर हातभर अंतरावर उभी होते. तू करवंटी दोन्ही हातांनी धरलीस. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस, कच लागलेल्या ओठांकडे.

"मला हे म्हणता येणार नाही," तू म्हणालास. करवंटी उपडी केलीस. "जमीन तिच्या नावावर करा."

आणि बूट हातात घेऊन चालत ट्रककडे गेलास. टेकडीवर जाईपर्यंत एकदाही वळला नाहीस.

आमा तोकाननी जमीन माझी म्हणून सांगितलं. आमच्या इथे बाईच्या नावावर जमीन झाल्याचं कुणाला आठवत नाही. दामियानने मान खाली घालून लिहून घेतलं. ज्या बायका ओढ्यावर बोलत नव्हत्या त्या डुकराचं मटण घेऊन आल्या. मी पोटभर जेवले. तू शिकायला गेलास त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, तेवढ्यात मला अशी भूक लागली नव्हती.

निरोप मी धाडला होता. तुला मिळाला नसेल तर तो माझा दोष नाही. हे लिहून ठेव.

यूलियाना तेवढी जेवली नाही. माझ्याकडे पाठ करून बसली होती. उन्हाने डोकं दुखतंय म्हणाली.

बारेक


वातोलेई, ३ सप्टेंबर २०१८

तिला परत पाठव.

मी काजूच्या झाडांखाली साफसफाई करत होते. दुपारी घरी आले तर तिचे कपडे नाहीत. चुलीजवळ चिठ्ठी, "मामाकडे जाते." एवढंच. बाल्ताझार म्हणतो, ती ट्रकमध्ये पुढच्या बाकावर बसली होती आणि रडत नव्हती.

तू फूस लावलीस. जमीन गेली म्हणून पोरगी घेतलीस. माझ्या पाठीमागे तुमचं बोलणं चालायचं, हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. टेकडीवर रेंज घ्यायला जाते म्हणायची आणि तास तास यायची नाही.

कंपनी पलीकडच्या खाडीवर गेली. तिथे रस्त्याची खडी पडायला लागलीय. आपल्या गावातली सहा पोरं रोज चालत तिकडे कामाला जातात. माझ्या दारावरून जाताना थुंकतात. थुंकू देत.

तुझ्या बायकोच्या हातचं माझ्या पोरीला गोड लागू नये. तुझ्या घरात तिला झोप लागू नये.

तिला परत पाठव, सुबान.


वातोलेई, १४ ऑक्टोबर २०१८, रविवार

सुबान,

यूलियानाचं पत्र आलं. निरोप नाही, पत्र. चार ओळींचं. "इना, अमा आजारी होते तेव्हा मी टेकडीवर निघाले होते. तू माझ्या हातातून फोन काढून घेतलास आणि तांदळाच्या डब्यात ठेवलास. मी एकोणीस वर्षांची होते, मला सगळं आठवतं."

तुलाही तिने सांगितलंच असेल. मग माझ्याकडूनही ऐक.

दरड कोसळली होती हे खरं. ट्रक बंद होता हेही खरं. पण टेकडी कोसळली नव्हती आणि टेकडीवरून फोन लागत होता.

अमा अकरा दिवस होते. मी त्यांना पुसायचे, कूस बदलायचे, भाताची पेज भरवायचे. आणि ते दर तासाला विचारायचे, "सुबान आला का?" पेज गळ्याखाली उतरली की पहिला शब्द तोच. एकदा मी त्यांना उचलून बसवलं तर म्हणाले, "सुबानचे हात मजबूत आहेत, त्याने नीट धरलं असतं." मी वीस वर्षं धरत होते, सुबान. त्यांचं मळलेलं धुतलं, त्यांची ताडाची झाडं भाड्याने लावली, त्यांच्या शिव्या खाल्ल्या. तू वर्षाला एक फोन करायचास आणि तो दिवस घरात सणासारखा जायचा.

मला वाटलं, हे अकरा दिवस तरी ते माझे असू देत. तू आला असतास तर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नसतं.

सहाव्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "सुबानला कळवलंय. तो म्हणतो, सवड नाही."

पुन्हा त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करून पाच दिवस पडून राहिले आणि तसेच गेले. एकही दिवस माझा झाला नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तू मला त्या कागदावर मारलंस तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं, आता सांगायला हरकत नाही. वाटलं, चला, फिटलं. आता मला रागावायला हक्काचं कारण मिळालं. ते मी दोन्ही हातांनी धरलं.

आज मिस्साची प्रार्थना संपल्यावर लोक अंगणात थांबले होते. मी आमा तोकानच्या समोर जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांच्या देखत बोलले. माझा आवाज फाटला, पण ऐकू गेला. मी निरोप धाडला नव्हता. माती खाऊन खोटं बोलले. मरणाऱ्या बापाशीही खोटं बोलले.

मला वाटलं होतं दगड मारतील. एका म्हातारीने आपली नात मागे ओढून घेतली, तेवढंच. दामियान म्हणाला, "मग जमीन सुबानची झाली." आमा तोकाननी काठी आपटली.

"एकाने त्या जमिनीसाठी कागदावर बहीण मारली आणि दुसरीने मातीला फसवलं. ती या दोघांचीही नाही. ती कुळाची. कुणी विकायची नाही, कुणी मोजायची नाही. बारेक जिवंत आहे तोवर काजू तिने वेचावेत, कारण झाडं तिने जगवली. तिच्यामागे झाडं गावाची."

म्हणजे माझं नाव पुन्हा खोडलं गेलं. या वेळी मी तक्रार केली नाही.

मग त्यांनी मला एका घागरीजवळ नेलं आणि म्हणाले, "चूळ भर." मी तीनदा भरली. मी विचारलं, "मी वाचेन का?" ते म्हणाले, "मला काय विचारतेस? काढणी मार्चमध्ये आहे." मग जाता जाता म्हणाले, "मका तरी पेर."

पाऊस पडला की पेरेन. काजू उतरायला लागलेत. यंदा एकटीने वेचते, त्यामुळे पाठ लागते.

तुझी माफी मागत नाही. तुझ्या कागदाची मला अजून चीड येते आणि मरेपर्यंत येईल. तूही माझी मागू नकोस. अमाची कबर अंगणात आहे, तिच्यावर तुझ्या हातची माती पडायची राहिलीय. त्यासाठी यायचं तर ये. मी दारात उभी राहणार नाही, ओढ्यावर जाईन. मूठभर टाक आणि हवं तर जा.

यूलियानाला परत पाठवू नकोस. मागच्या पत्रात लिहिलं ते सोड. तिथे तिला बंदरावरच्या हॉटेलात नोंदीचं टेबल मिळालं, हे तिने शेवटच्या ओळीत लिहिलंय. बाल्ताझारकडे तिच्यासाठी भाजलेले काजू देते. तिच्यासाठीच आहेत, पण तुझ्या पोरांनी खाल्ले तर खाल्ले.

एक विचारायचं आहे. बाल्ताझारच्या मेव्हण्याने तुम्हाला तिकडच्या चर्चमध्ये बघितलं. तो सांगत होता की तू फादरना यूलियानाची ओळख करून दिलीस, "ही माझी भाची." फादर लोकांना चौकशा फार, हे सगळ्यांना माहीत आहे. भाची म्हणजे कुणाची मुलगी, असं त्यांनी विचारलंच असेल.

तेव्हा तू काय सांगितलंस, ते मला कळव.

बारेक